जुन्या आरसी ट्रकच्या सस्पेन्शनचा भाग नेमका कोणत्या आवृत्तीचा, हे कसं ओळखावं

ऐंशीच्या दशकातला आरसी, म्हणजे रेडिओ रिमोटवर चालणारा छोटा ट्रक आज हाती लागतो, तेव्हा तो क्वचितच पूर्ण एका ट्रकचा असतो. मधल्या काळात तीन-चार मालक झालेले असतात आणि ज्याला जे मिळालं ते त्याने बसवलेलं असतं. वरून टामिया या जपानी कंपनीचा ब्लॅकफूट ट्रक दिसतो, पण खालचे आर्म, म्हणजे चाक धरून वर-खाली होणारे हात, भलत्याच गाडीचे निघतात. म्हणून सुटे भाग मागवायच्या आधी गाडीवर नेमकं काय बसवलेलं आहे ते ठरवून घ्या. डिजिटल व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं कॅलिपर), बारीक टॉर्च, जुना टूथब्रश आणि त्या मॉडेलचं मूळ मॅन्युअल एवढ्यावर काम भागतं.

पहिली पायरी म्हणजे गाडीचं घराणं शोधणं. टामियापुरतं बोलायचं तर हायलक्स ४×४ (१९८१) आणि ब्रूझर (१९८५) हे पाट्यांच्या स्प्रिंगवर (लीफ स्प्रिंगवर) चालणारे ट्रक. सुबारू ब्रॅट आणि फ्रॉग (दोन्ही १९८३) यांच्या चौकटीवर पुढे १९८६ मध्ये ब्लॅकफूट आणि मॉन्स्टर बीटल आले. लंच बॉक्स आणि मिडनाइट पम्पकिन ही सख्खी भावंडं. क्लॉड बस्टर (१९८७) मात्र स्वतंत्र प्रकरण आहे. त्याला दोन मोटर, चारही चाकांना स्टिअरिंग आणि धक्के झेलणारे एकूण आठ शॉक. एकाच घराण्यात भागांची देवाणघेवाण बरीच होते, घराण्याबाहेर जवळपास नाहीच.

आता भाग सोडवून ब्रशने घासा आणि आतल्या बाजूला टॉर्च तिरकी धरा. प्लॅस्टिकवर उठावाची अक्षरं दिसतील. तिथे साल सापडलं की लोक खूश होतात, आणि इथेच फसगत होते. ते साल साच्याच्या हक्काचं, म्हणजे कॉपीराइटचं असतं, भाग कधी बनला त्याचं नव्हे. फ्रॉग आणि लंच बॉक्स २००५ मध्ये, ब्रूझर २०१२ मध्ये, मॉन्स्टर बीटल २०१५ मध्ये आणि ब्लॅकफूट २०१६ मध्ये पुन्हा बाजारात आले. साचा जुनाच वापरला असेल तर नव्या भागावरही जुनंच साल उमटतं. ‘साल बघा, ओरिजिनल आहे’ असं विक्रेता म्हणाला तर नुसती मान डोलवावी, पैसे काढू नयेत.

नव्या किटमध्ये, म्हणजे जोडायच्या भागांच्या संचात, प्लॅस्टिकचे भाग एका फांदीला चिकटलेले येतात. सालापेक्षा त्या फांदीचं अक्षर आणि भागाचा आकडा कामाचा. पण ए५ म्हणजे त्या किटमधला ए५. दुसऱ्या किटमधला ए५ पूर्ण वेगळा असू शकतो. त्यामुळे नुसत्या आकड्यावर ऑर्डर देऊ नका, मॅन्युअलमधलं चित्र शेजारी ठेवून भोकं मोजा.

खरा पुरावा मिळतो तो दोन भाग जिथे एकमेकांत बसतात तिथे. फ्रॉगचं उदाहरण घ्या. मूळ गाडीत गिअरबॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं टोक षटकोनी होतं. आर्म वर-खाली होताना ते टोक खोबणीत घासायचं, कोपरे गोल व्हायचे आणि शेवटी दांडा नुसताच फिरायचा. २००५ च्या आवृत्तीत त्याजागी आडव्या पिनचा, दोन्ही टोकं गोल असलेला दांडा आला. चाक काढून टोक पाहिलं की हा फरक मिनिटभरात कळतो. अदलाबदल करायची तर दांडा आणि दोन्हीकडच्या वाट्या अशी जोडीच बदला. एकट्या दांड्याने काही साधत नाही.

मग आटे तपासा. टामियाचे मशीन स्क्रू मिलिमीटरमध्ये असतात. अमेरिकेच्या टीम असोसिएटेडच्या जुन्या गाड्यांत, म्हणजे आरसी१० च्या पिढीत, इंची ४-४० आटे. ३ मिमी स्क्रूचे आटे ०.५ मिमी अंतरावर, तर ४-४० चे ०.६३५ मिमी. व्यासही थोडा कमी, साधारण २.८४ मिमी. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण चुकीच्या नटात स्क्रू एक-दोन फेरे जाऊन घट्ट अडकतो. अडकला की थांबा, जोर लावाल तर पुरावाही जाईल आणि नटही. टामियाचे जुने स्क्रू जपानी मापाच्या क्रॉसचे असतात. आपला नेहमीचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यांची डोकी सोलतो, त्यामुळे जपानी मापाचा ड्रायव्हर आधी घ्या.

मोजमापातही एक युक्ती आहे. दोन भोकांमधलं अंतर अंदाजाने मध्यापासून मध्यापर्यंत मोजू नका. भोकं सारखी असतील तर पहिल्याच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. येईल तेच मध्यांतर. शॉक पूर्ण ताणून एका टोकाच्या डोळ्यापासून (स्क्रूच्या भोकापासून) दुसऱ्यापर्यंतची लांबी घ्या, शॉकच्या दांड्याचा व्यास वेगळा लिहा. झिजून लांबट झालेल्या भोकावर माप घेऊ नका. टामियाच्या मॅन्युअलमध्ये स्क्रू प्रत्यक्ष मापात छापलेले असतात, पण पीडीएफ छापताना प्रमाण शंभर टक्के ठेवा, नाहीतर सगळीच मापं चुकतील.

पाट्यांच्या ट्रकमध्ये पाटे मोजून निष्कर्ष काढू नका. गाडी मऊ करायला मालक बिनदिक्कत एखादा पाटा काढून टाकतात. मुख्य पाट्याची जाडी, रुंदी आणि दोन्ही डोळ्यांमधलं अंतर, हे तीन आकडे जास्त भरवशाचे.

ऑनलाइन भाग घेताना विक्रेत्याकडून फोटो मागा तो व्हर्निअर लावलेला, आकडा दिसेल असा. आतल्या बाजूचाही एक. ज्याच्याकडे भाग खरंच हातात आहे तो पाच मिनिटांत पाठवतो.