पितृपक्षात बॅगा हलवा, दिवाळीचा माल उभा राहील

गणपती उठले की नर्सरीत गिऱ्हाईक कमी होते. पितृपक्षात नवीन बंगल्याची बाग कोणी काढत नाही, गाड्या कमी लागतात, मजूर मोकळे असतात. घटस्थापनेपासून मात्र फोन सुरू होतात आणि दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत रोज लोडिंग असते. उरळी कांचन, यवत, लोणी काळभोर या सोलापूर रस्त्याच्या पट्ट्यात काय किंवा इतर कोठे काय, होलसेल नर्सरीचा दिवाळीचा माल याच शांत पंधरवड्यात घडतो किंवा बिघडतो. या दिवसांत करायचे पहिले काम म्हणजे झाडे लावलेल्या प्लास्टिकच्या बॅगा हलवणे.

जूनपासून एकाच जागी उभी असलेली 12 बाय 12 इंचांच्या वरची प्रत्येक बॅग आता संशयाने पाहावी. पावसाळ्यात जमीन ओली असते, त्यामुळे बॅगेच्या भोकांतून मूळ खाली उतरते आणि झाड जमिनीवर जगू लागते. वरून माल हिरवागार, तजेलदार दिसतो. लोडिंगच्या दिवशी मजूर बॅग उपटतो, खालचे मूळ तुटते आणि रात्रभराच्या प्रवासात पाने लोंबतात. गिऱ्हाइकाकडे पोचेपर्यंत निम्मी पाने गळालेली असतात आणि दोष मात्र गाडीवाल्याला दिला जातो.

तपासणी सोपी आहे. बॅगेच्या काठाला नव्हे तर मातीच्या गड्ड्याला दोन्ही हातांनी धरून बॅग एका बाजूला हळू कलती करा. सहज कलली तर ठीक. तळाशी अडली आणि ‘कट्’ असा आवाज आला तर मूळ उतरले आहे. तेथेच थांबा. ओढले की मूळ बॅगेच्या आतून, गड्ड्यातून फाटते आणि जखम आत राहते. कलत्या बॅगेखाली धारदार सिकेटर (छाटणीची कात्री) घालून मूळ बॅगेच्या तळालगत कापा. पेन्सिलीएवढे मूळ असेल तर झाड आठ-दहा दिवसांत सावरते. अंगठ्याएवढे जाड असेल तर ते झाड वेगळ्या ओळीत काढा, तीन-चार आठवडे विक्रीला लावू नका.

आदल्या संध्याकाळी पाणी देऊन ठेवा, म्हणजे गड्डा घट्ट राहतो. काम ढगाळ दिवशी किंवा दुपारी चारनंतर करा. बकुळ, कदंब, टॅबेबुया अशा रुंद पानांच्या झाडांची पाव ते तिसरा हिस्सा पाने उतरवा, कारण मुळे कमी झाली की तेवढी पाने पोसली जात नाहीत. दहा-बारा दिवस 50 टक्के शेडनेटखाली ठेवा, सकाळ-संध्याकाळ पानांवर पाणी मारा. नवी फूट दिसेपर्यंत खत देऊ नका. कापलेल्या मुळाजवळ क्षार वाढले की टोके जळतात. फूट आल्यावर 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखे असलेले विद्राव्य खत) लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात ओता. पामच्या बाबतीत सावध राहा, विशेषतः बिस्मार्कियाच्या. त्याचे मूळ दुखावले की झाड कित्येक महिने रुसते, म्हणून तो माल पहिल्यापासूनच जाड वीडमॅटवर (तण रोखणाऱ्या विणलेल्या कापडावर) किंवा विटांवर ठेवणे बरे. हलवलेल्या प्रत्येक ओळीखाली आता वीडमॅट टाकून घ्या, नाहीतर तीन महिन्यांनी हेच काम पुन्हा.

बॅग हातात आलीच आहे तर वरचे गवतही काढा. आंबुशीच्या शेंगा पिकल्या की फुटून बी शेजारच्या बॅगेत उडते, म्हणून फुलावर असतानाच मुळासकट उपटा. बॅगेखाली गोगलगायी सापडतील. संध्याकाळी ओले गोणपाट अंथरा, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाका. हे मीठ-पाणी बॅगांजवळ सांडू देऊ नका.

पिवळी पडलेली एक्झोरा, मोगरा, जास्वंद दिसली की युरिया टाकण्याची घाई होते. आधी पान पाहा. कोवळे पान पिवळे आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी आहे, आणि बहुतेक वेळा कारण बॅगेत तुंबलेले पाणी असते. भोके बंद झाली असतील तर मोकळी करा, माती वाळू द्या आणि चिलेटेड (झाडाला सहज घेता येणारे) लोह लिटरला अर्धा ते एक ग्रॅम संध्याकाळी फवारा. खालची जुनी पाने एकसारखी पिवळी असतील तर मात्र पावसाने नत्र धुऊन नेले आहे, तेथे खत द्यावे.

हंगामी फुलांचे वेळापत्रक आता चुकवून चालत नाही. पेटुनियाला पेरणीपासून फुलापर्यंत दहा ते बारा आठवडे लागतात. म्हणजे सप्टेंबरच्या मध्यावर पेरलेला लॉट डिसेंबरच्या सुरुवातीला विकायचा. साल्विया, डायंथस यांची पेरणीही आताच. पॅन्सी मात्र थांबवा. तिच्या बियाला गारवा लागतो आणि ऑक्टोबरच्या उष्म्यात रोपांचे ट्रे रिकामे राहतात. ती ऑक्टोबरअखेरीस, रात्री थंडावल्यावर पेरा. पेटुनियाच्या बियावर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाकू नका, त्याला उगवायला उजेड लागतो. ट्रे आधी भिजवून घ्या, बी वर ठेवा आणि फक्त धुके पडल्यासारखे पाणी द्या.

कोकोपीटबद्दल एक गोष्ट आवर्जून: 5 किलोची वीट भिजवून वापरायची एवढ्यावर भागत नाही. दोन-तीनदा गोड्या पाण्याने धुऊन ईसी (क्षारांचे माप) 1 च्या खाली आला आहे का पाहा. खारट कोकोपीटमध्ये बी उगवते, पण पहिल्याच पानाची कड करपते आणि दोष बियाणे कंपनीला दिला जातो.

रोप जमिनीलगत बारीक होऊन आडवे पडत असेल तर ती मर आहे. परतीच्या पावसाच्या दमट दिवसांत ती एका रात्रीत ट्रेभर पसरते. बाधित ट्रे बाजूला काढा, उरलेल्यांचे पाणी कमी करा, ट्रेमधून हवा खेळती ठेवा आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला 2.5 ग्रॅम ओता. ट्रायकोडर्मा (रोगाला रोखणारी उपयुक्त बुरशी) वापरायचा तर पेरणीआधीच कोकोपीटमध्ये मिसळा. कॉपर ओतल्यावर लगेच टाकला तर पैसे वाया गेले.

पाऊस गेला की हवा कोरडी होते आणि लाल कोळी ही बारीक कीड वाढते. गुलाब, क्रोटन, शेवंतीचे पान पांढऱ्या कागदावर झटका. ठिपके चालू लागले तर कोळी आहे. पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम, पानाच्या खालून, संध्याकाळी. भर उन्हात मारले तर पाने भाजतात.

पॉइन्सेटियाची एक अडचण दरवर्षी दिसते. रांगेची एक बाजू डिसेंबरमध्ये लाल होते, दुसरी हिरवीच राहते. त्या बाजूला बहुतेक वेळा खांबावरचा दिवा असतो. या झाडाला लाल व्हायला सलग लांब, काळोखी रात्र लागते, आणि दिव्याने ती मोडते. सप्टेंबरअखेरपासून नाताळपर्यंत तो भाग अंधारात ठेवा, दिव्याला आडोसा करा. रंग लवकर हवा असेल तर संध्याकाळी सहा ते सकाळी आठ काळे कापड टाका, पण आत उकाडा कोंडला तर रंग उलट उशिरा येतो, म्हणून कापड चारी बाजूंनी जमिनीला घट्ट टेकवू नका. शेवंतीही लहान दिवसाचीच, तिच्या रांगाही या दिव्यापासून दूर हव्यात.

गाडी भरण्याच्या आदल्या संध्याकाळी पाणी द्या, भरताना नाही. ओली बॅग जड होते, फाटते आणि खालच्या थराचा गड्डा ढासळतो. उन्हात भरलेली गाडी ताडपत्री टाकून उभी ठेवू नका; आतली हवा तापते आणि पाने उकडतात. चारनंतर भरा, रात्री काढा, पहाटे उतरवा.