आई-बाबांचा अमेरिकेतला मुक्काम: आय-94 ची तारीख, मुदतवाढ आणि व्हिसामाफीतली मेख

पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा दिसतो आणि घरात सगळ्यांचा समज होतो की आता राहायची काळजी नाही. इथेच सगळ्यात महागडी चूक होते. व्हिसा फक्त अमेरिकेच्या दाराशी येऊ देतो. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावर सीबीपीचा (अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमासुरक्षा खात्याचा) अधिकारी ठरवतो आणि आय-94 नावाच्या नोंदीत लिहितो. व्हिसा 2033 पर्यंतचा असला आणि आय-94 ची तारीख येत्या 9 सप्टेंबरची असली, तर 9 सप्टेंबरच खरी.

उतरल्यावर दोन-तीन दिवसांत, जेट लॅग सरायच्या आधीच, सीबीपीच्या आय-94 च्या संकेतस्थळावर जाऊन दोघांची नोंद काढा आणि पीडीएफ जपून ठेवा. पासपोर्टवर शिक्का मारण्याची पद्धत कमी होत चालली आहे, त्यामुळे शिक्क्यावर विसंबू नका. नोंद सापडत नाही अशी तक्रार मराठी घरांत हमखास येते, आणि कारण बहुतेकदा नावाच्या रकान्यात असतं. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘गिव्हन नेम’मध्येच छापलेलं असतं. म्हणून पहिल्या नावाच्या रकान्यात नुसतं ‘सुनीता’ न लिहिता पासपोर्टवर जसं आहे तसं ‘सुनीता रमेश’ असं पूर्ण टाका. पासपोर्टवर एकच नाव असेल तर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (FNU, म्हणजे ‘पहिलं नाव अज्ञात’) टाकून पाहा.

आई आणि बाबा एकाच रांगेतून, एकाच अधिकाऱ्यासमोरून आले तरी दोघांच्या तारखा वेगळ्या असू शकतात. बी-2 वर, म्हणजे पर्यटन आणि भेटीच्या व्हिसावर, साधारण सहा महिने मिळतात. 10 मार्चला उतरलात तर सहसा 9 सप्टेंबर. एकाचीच तारीख अलीकडची निघाली, तर त्याचा पासपोर्ट तेव्हा संपतोय का ते आधी बघा. तसं असेल तर भारतीय वकिलातीतून पासपोर्टचं नूतनीकरण करून मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो. नवा पासपोर्ट आला म्हणून आय-94 आपोआप वाढत नाही. अधिकाऱ्याच्या हातून चूक झाली असेल, म्हणजे वर्ग चुकीचा पडला किंवा तारीख चुकली, तर सीबीपीच्या ‘डिफर्ड इन्स्पेक्शन’ केंद्रात ती दुरुस्त होते. तिथे लवकर जा, शेवटच्या महिन्यात नको. अमेरिकी फॉर्मवर महिना आधी आणि दिवस नंतर असतो, हेही डोक्यात पक्कं ठेवा. 09/08 म्हणजे 8 सप्टेंबर, 9 ऑगस्ट नव्हे.

परतीचं तिकीट शेवटच्या दिवसाचं काढू नका. विमान रद्द होतं, कुणी आजारी पडतं. आठवडाभर आधीची तारीख धरा.

मुदतवाढ खरंच हवी का?

मुलीच्या बाळंतपणात गुंतागुंत झाली, बाबांना शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी प्रवास करू नका सांगितलं, अशा वेळी मुदतवाढ मागावी आणि ती न्याय्य कारणासाठीच मागितलेली असते. ‘आलोच आहोत तर दिवाळी करून जाऊ’ हे कारण मात्र कमकुवत आहे. मुदतवाढ मिळालीही, तरी पुढच्या खेपेला विमानतळावर त्या वर्षभराच्या मुक्कामाबद्दल प्रश्न येतो. सहा महिने बाहेर राहिलं की पुन्हा येता येतं, असा कायद्यात कुठेही नियम नाही. अधिकारी एकूण चित्र पाहतो. जेवढं राहिलात निदान तेवढं तरी भारतात राहून मगच परत या, असं आमचं सांगणं आहे.

अर्जाचा फॉर्म आय-539. नवरा-बायको एकाच अर्जात येतात: एक मुख्य अर्जदार, दुसऱ्यासाठी आय-539ए ही पुरवणी, आणि शुल्क मिळून एकच. 1 एप्रिल 2024 पासून ऑनलाइन अर्जाला 420 डॉलर आणि कागदी अर्जाला 470 डॉलर आहेत. बोटांच्या ठशांचे वेगळे 85 डॉलर 1 ऑक्टोबर 2023 पासून द्यावे लागत नाहीत. कागदी अर्जासोबत चेक किंवा मनी ऑर्डर लावायची जुनी सवय आता सोडा. 28 ऑक्टोबर 2025 नंतर कार्डासाठी जी-1450 किंवा बँक खात्यासाठी जी-1650 जोडावा लागतो. अर्ज भरण्याच्या दिवशी यूएससीआयएसचं (असे अर्ज हाताळणाऱ्या अमेरिकी इमिग्रेशन खात्याचं) शुल्कपत्रक उघडून आकडा पडताळा. शुल्क चुकलं तर अर्ज परत येतो आणि मधले दिवस हातचे जातात, कारण अर्ज टपालात टाकल्याची नव्हे, त्यांच्या कार्यालयात पोहोचल्याची तारीख धरली जाते. ऑनलाइन भरलात तर ही धाकधूक राहत नाही, पावती लगेच मिळते.

वेळ कोणती? यूएससीआयएस म्हणतं, आय-94 संपायच्या किमान 45 दिवस आधी. तेवढं जमलं नाही तरी तारीख उलटायच्या आत अर्ज त्यांच्याकडे पोहोचलाच पाहिजे. उलट, येऊन महिनाच झाला असताना अर्ज केला, तर येतानाच जास्त राहायचा बेत होता असा अर्थ निघतो. एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने मागता येतात. गरज तीन महिन्यांची असेल तर तीनच मागा.

अर्जासोबतचं पत्र हाच गाभा. एक पान पुरतं. त्यात कारण, नेमकी परतायची तारीख, खर्च कोण करणार आणि भारतात परतण्यासारखं काय आहे, एवढं स्वच्छ लिहा. कारण वैद्यकीय असेल तर डॉक्टरांचं पत्र हवं, आणि त्यात ‘अमुक तारखेपर्यंत विमानप्रवास टाळावा’ असं स्पष्ट वाक्य हवं. नुसत्या रिपोर्टांचा गठ्ठा उपयोगाचा नाही. मुला-मुलीचं बँक स्टेटमेंट, तुमचं पेन्शन, पुढे ढकललेलं परतीचं तिकीट जोडा. घरपट्टीची पावती किंवा सातबारा लावणार असाल तर त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर द्या. भाषांतर संपूर्ण आणि अचूक आहे व आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचं असतं. नोटरी लागत नाही. पत्रात ‘नातवंडं सांभाळायला’ हे मुख्य कारण म्हणून लिहिलं, की पगारी दाईच्या जागी आलेत असा अर्थ लावला जाऊ शकतो. भेटीचा जो खरा हेतू आहे तोच लिहा. खोटं एक अक्षरही नको.

अर्जानंतरचे दिवस

पावतीवर तीन अक्षरं आणि दहा आकडे असा क्रमांक येतो. वेळेत केलेला प्रामाणिक अर्ज प्रलंबित असताना आय-94 ची तारीख उलटली, तरी तो काळ बेकायदा वास्तव्यात मोजला जात नाही. निकालाला कित्येकदा महिने लागतात, आणि लोक घरी परतल्यावर तो येतो. त्यामुळे एक गोष्ट कटाक्षाने पाळा: तुम्ही मागितलेली तारीख येईल तेव्हा निकाल आलेला असो वा नसो, निघा. त्या पावतीची प्रत आणि बोर्डिंग पास पुढच्या प्रत्येक प्रवासात सोबत ठेवा. आय-94 नंतर का थांबलात, याचं उत्तर तेवढंच असतं.

अर्ज नाकारला गेला आणि मूळ तारीख उलटलेली असेल, तर नकाराच्या दुसऱ्या दिवसापासून बेकायदा वास्तव्य मोजायला सुरुवात होते. लगेच तिकीट काढा. 28 फेब्रुवारी 2025 च्या धोरणानंतर अशा वेळी रेंगाळणाऱ्याला इमिग्रेशन कोर्टाची नोटीस येऊ शकते. अर्जच केला नाही आणि एक दिवस जरी जास्त राहिलात, तरी तो दहा वर्षांचा व्हिसा बाद होतो. बेकायदा वास्तव्य 180 दिवसांच्या पुढे गेल्यावर देश सोडला तर 3 वर्षं, एक वर्ष किंवा जास्त झालं असेल तर 10 वर्षं प्रवेशबंदी.

कॅनडाच्या बाजूने नायगरा पाहून आलं की नवे सहा महिने मिळतात, हा समज सोडून द्या. अशा छोट्या सहलीनंतर सहसा जुन्याच आय-94 वर आत घेतात. शिवाय भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो.

ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट असलेली मावशी

व्हिसामाफीत मुक्कामाच्या मुदतीची अडचण जास्त टोकाची आहे. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, जर्मनी अशा देशांचे नागरिक व्हिसाशिवाय एस्टावर, म्हणजे ऑनलाइन काढायच्या प्रवासपरवानगीवर, येतात. 30 सप्टेंबर 2025 ला एस्टाचं शुल्क 40 डॉलर झालं होतं. एस्टा साधारण दोन वर्षं चालतो, पण एका खेपेचा मुक्काम 90 दिवसच. त्याला मुदतवाढ नाही. आय-539 चा दरवाजा या लोकांसाठी बंदच असतो. मध्ये कॅनडा किंवा मेक्सिकोला जाऊन आलात तरी सहसा तेच 90 दिवस पुढे मोजतात. हॉस्पिटलात दाखल झाल्यासारखी आणीबाणी आली, तर 90 दिवस संपायच्या आत यूएससीआयएसकडे ‘सॅटिस्फॅक्टरी डिपार्चर’ मागायचं. त्यात जास्तीत जास्त 30 दिवस मिळतात. त्यामुळे लंडनची मावशी बारशापासून पहिल्या वाढदिवसापर्यंतच्या मोठ्या मुक्कामाचा विचार करत असेल, तर तिने एस्टावर न येता आधी बी-2 काढावा. कॅनडाच्या नागरिकांचं वेगळं आहे: त्यांना व्हिसा लागत नाही, सहसा सहा महिने मिळतात आणि आय-539 करता येतो.

मुक्काम वाढला की भारतातल्या दोन गोष्टी निसटतात. प्रवासी विमा संपायच्या आत वाढवा, कारण एकदा संपला की नव्या पॉलिसीत मधला आजार आधीपासूनचा ठरतो. आणि मुक्काम नोव्हेंबर ओलांडणार असेल तर पेन्शनचा हयातीचा दाखला इथूनच करा: जीवन प्रमाणवर चेहऱ्याने, किंवा भारतीय वकिलातीत. बँकेला ऑक्टोबरमध्येच ईमेल करून त्यांना कोणता दाखला चालतो ते लेखी मागवून घ्या.