ड्राय वेट: फाईलमधल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा?

डायलिसिस टेक्निशियनचा कोर्स करून पुण्यातल्या एखाद्या युनिटमध्ये नुकतेच लागलेल्यांसाठी हे लिहितेय. मशीन प्राइम करणं (नळ्या सलाइनने भरून घेणं), नीडल लावणं सरावाने हातात बसतं. ड्राय वेटचं तसं नाही. व्याख्या एका ओळीची आहे: डायलिसिसनंतरचं असं कमीत कमी वजन, ज्यात सूज नाही, दम नाही, आणि बीपीही पडत नाही की पेटके येत नाहीत. फाईलवर आकडा लिहिलेला असतो, पण तो डॉक्टरांनी त्या दिवशी बांधलेला अंदाज असतो.

आधी गणित. पेशंट ५८.२ किलोचा आला, ड्राय वेट ५५.५. म्हणजे २.७ लिटर पाणी जास्तीचं, शेवटी रक्त परत देताना जाणारं सलाइन धरून ३ लिटर. चार तासांत काढायचं तर तासाला ७५० मिली, म्हणजे किलोमागे साडेतेरा मिली. १३ च्या वर गेलं की हृदयावर ताण येतो, असं अभ्यासांत दिसलंय. अर्धा तास वाढवला की तेच १२ वर येतं. पेशंट कुरकुरतात, शेवटची बस सांगतात, तरी विचारून बघायचं. आपल्याकडे बऱ्याच जणांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदाच असतं, त्यामुळे मोठ्या गॅपनंतर हा प्रश्न हमखास येतो.

काट्याकडेही लक्ष हवं. डिसेंबरात पहाटेच्या शिफ्टला काका स्वेटर, मफलर, कानटोपीसकट वजन करतात आणि दुपारी शर्टावर. तो फरक पाणी म्हणून शीटवर चढतो.

आता खरी गोम. काटा मांस आणि पाणी वेगळं दाखवत नाही. न्यूमोनियाने दोन आठवडे ॲडमिट राहिलेल्या मावशी परत येतात, वजन तेच ५२, सगळे खूश. पण अंगावरचं दोन किलो मांस गेलेलं असतं आणि त्या जागी दोन लिटर पाणी बसलेलं असतं. बीपी हळूहळू चढतं, गोळी वाढते, आणि एका रात्री दम लागून कॅज्युअल्टी. उलटंही होतं. डायलिसिस सुरू झाल्यावर मळमळ थांबते, माणूस पुन्हा भाकरी-भात जेवायला लागतो, वजन खरोखर वाढतं. आपण मात्र जुन्या आकड्यापर्यंत पाणी ओढत राहतो. शेवटच्या तासात पेटके, जांभया, बसलेला आवाज, दुसरा दिवस अंथरुणात.

म्हणून नीडल लावण्याआधी बोला. ‘मावशी, रात्री किती उश्या घेता? ब्लाउज सैल होतोय का? जेवण जातंय का?’ ‘काका, पट्टा आत घ्यावा लागतो का?’ माझ्या मते या प्रश्नांतून जे कळतं ते पायाच्या सुजेतून कळत नाही. सूज दिसेपर्यंत दोन-तीन लिटर साठलेलं असू शकतं. अंथरुणाला खिळलेल्यांची सूज घोट्याला नाही, कमरेच्या मागे बघायची. आणि ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने पाय सुजतात, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) कमी असलं तरी सुजतात. अशांचं पाणी जोरात ओढलं की सूज तशीच राहते आणि बीपी कोसळतं.

बायोइम्पिडन्स (अंगातलं पाणी मोजायची तपासणी) किंवा फुप्फुसाची सोनोग्राफी असेल तर उत्तम. बहुतेक लहान युनिटमध्ये नसते.

पेशंटला नुसतं ‘पाणी कमी प्या’ सांगून उपयोग नाही. लोणचं, पापड, फरसाण पोटात गेलं की तहान लागणारच. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आसपास आलं की तहान आपोआप उतरते. दिवाळीनंतरच्या आठवड्याची वजनं काढून बघा. उन्हाळ्यात ताक आणि कलिंगड ‘पाण्यात’ धरायचं, हे घरच्यांनाही सांगा.

ड्राय वेट बदलणं डॉक्टरांचं काम. कमी करायचं ठरलं तर दर वेळी थोडं थोडं, २००-३०० ग्रॅमने उतरवतात. बीपी मात्र लगेच उतरत नाही, काही आठवडे मागून येतं. तोवर पेशंट ‘काही फरक नाही’ म्हणत राहतो. उतरायला लागलं की गोळ्या कमी कराव्या लागतात, म्हणून डायलिसिसच्या सकाळी कोणती गोळी घेऊन आलेत ते विचारा. शीटवर ‘बीपी पडलं’ एवढंच लिहू नका. कितव्या तासाला, किती लिटर निघाल्यावर, मध्ये काही खाल्लं होतं का, सलाइन किती दिलं, हे लिहा. राउंडला डॉक्टर नवा आकडा त्याच ओळीवरून ठरवतात.