अमेरिकेला फोन लावण्याआधी: नव्या एसडीआरची तयारी

पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत एसडीआर (सेल्स डेव्हलपमेंट रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे नव्या ग्राहकांना फोन करून विक्रीच्या मीटिंगा ठरवणारा) म्हणून रुजू होताय आणि ग्राहक अमेरिकेतले आहेत, तर तयारी ऑफर लेटरपासूनच सुरू करा. सीटीसीत (कंपनी सांगते त्या एकूण वार्षिक पगारात) व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग, किती आणि तो कशावर मिळतो, हे एचआरला ईमेलवरच विचारा. मीटिंग ठरली की मोजतात, की ग्राहक प्रत्यक्ष हजर राहिला तरच? ठरलेल्या वेळी न येणारे बरेच असतात, त्यामुळे हातात येणारा पगार या एका उत्तरावर फिरतो. सुरुवातीच्या महिन्यांत टार्गेट कमी असतं का, तेही त्याच ईमेलात येऊ द्या. महाराष्ट्रात रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि घरापर्यंत वाहनाची सोय लागते. गाडी कुठून, किती वाजता, हे आधीच ठरवून घ्या.

हेडसेट वायरचा, यूएसबीचा घ्या. ब्लूटूथचं चार्जिंग नेमकं कॉल चालू असताना संपतं.

सगळ्यात जास्त घोळ घड्याळाचा होतो. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. कॅलिफोर्नियाचे नऊ म्हणजे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. अमेरिकेत घड्याळं एक तास पुढे-मागे करण्याचा हा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. त्या सोमवारच्या सगळ्या मीटिंगा एकदा तपासाच. ॲरिझोनाचा बहुतेक भाग घड्याळ बदलतच नाही. 415 ने सुरू होणारा नंबर सॅन फ्रान्सिस्कोचा, पण तोच मोबाइल घेऊन माणूस टेक्सासला राहायला गेलेला असू शकतो, म्हणून लिंक्डइनवरचं शहर बघून वेळ ठरवा. तारीख 03/04 अशी कधीच लिहू नका. तिकडे ती 4 मार्च होते. महिन्याचं नाव अक्षरात लिहा आणि कॅलेंडरचं आमंत्रण ग्राहकाच्या टाइमझोनमध्ये पाठवा.

शिफ्ट सुरू होण्याआधी चाळीस-पन्नास नावांची यादी तयार हवी. प्रत्येक नावापुढे एक ओळ पुरे: आज याच कंपनीला फोन का? नवी शाखा उघडली, सपोर्टसाठी माणसं शोधताहेत, असं काहीतरी ठोस. ती ओळ सुचत नसेल तर नाव यादीतून काढा. फोन उचलला की आपलं नाव, कंपनी आणि लगेच तीच ओळ. “हाउ आर यू टुडे” ने सुरुवात केली की समोरच्याला विक्रीचा फोन कळतो आणि तो निघायची वाट शोधतो. “ईमेल पाठवा” म्हणाले तर “नेमकं कशाबद्दल पाठवू?” असं विचारा, खरी अडचण बहुतेक वेळा इथेच कळते. व्हॉइसमेल वीस सेकंदांच्या आत संपवा आणि नंबर सावकाश, दोनदा सांगा. घाईत सांगितलेला नंबर कुणी लिहून घेत नाही.

फोन ठेवल्या ठेवल्या सीआरएममध्ये (ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) नोंद करा. नुसतं “इंटरेस्टेड” लिहिलं तर मीटिंग घेणाऱ्या अकाउंट एक्झिक्युटिव्हच्या हाती काहीच लागत नाही, आणि तो तेच प्रश्न पुन्हा विचारतो तेव्हा ग्राहक वैतागतो. आत्ता काय वापरतात, कुठे अडतंय, पैशाचा निर्णय कोण घेतं, पुढचा फोन कधी, एवढं ग्राहकाच्याच शब्दांत उतरवा. मीटिंगच्या आदल्या दिवशी त्यातल्याच अडचणीचा उल्लेख करून दोन ओळींची आठवण पाठवा.