घरासाठी शिलाई मशीन घेताना टाका पारखायचा कसा

मशीन घ्यायला निघताना पिशवीत आपली कापडं भरा. ब्लाउजचं अस्तर, जुन्या नायलॉन साडीचा तुकडा, थोडा खण आणि मुलाच्या फाटक्या जीन्सचा एक पाय. सोबत लाल आणि पांढरी, सारख्या जाडीच्या दोऱ्याची दोन रिळं. परभणी, सेलू, जिंतूरकडच्या वीसेक बायकांना मी सोबत जाऊन मशीन घेऊन दिली आहे, आणि ही पिशवी नसेल तर मी दुकानाची पायरी चढत नाही.

कोणती मशीन, हे ठरवायला फार वेळ लागू नये. ब्लाउज, परकर, फॉल, उशीचे अभ्रे, उसवलेल्या पँटी, म्हणजे घरातलं बहुतेक काम सरळ टाक्याचं असतं. त्याला काळी पायमशीन पुरते. आपल्याकडे ऐन लग्नसराईत लाईट जाते, तेव्हा पायाची मशीन चालूच राहते; मोटर पुढे केव्हाही बसवता येते. काज करायची असतील, कापडाची कड झिगझॅगने मारायची असेल, तरच पोर्टेबल, म्हणजे टेबलावर ठेवून विजेवर चालवायची मशीन घ्या. ‘एकवीस डिझाइन आहेत ताई’ म्हणून दोन-तीन हजार जास्त मागतात. तिसऱ्या डिझाइनच्या पुढे गेलेली बाई मी अजून पाहिली नाही. आणि हातात धरायची, स्टेपलरसारखी दिसणारी छोटी मशीन घेऊच नका. ती एकाच दोऱ्यावर शिवते. टोक ओढलं की सगळी शिलाई सर्रकन उसवते.

कंपनी निवडण्याआधी तालुक्याच्या मशीन दुरुस्तीच्या मिस्त्रीकडे जा आणि तो कोणती मशीन उघडतो ते विचारा. काळ्या मशिनीची मूळ घडण सिंगरच्या १५ क्रमांकाच्या मशिनीची आहे, म्हणून तिची बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी फिरकी), ती बसते ती बॉबिन केस, सुई कुठल्याही दुकानात मिळते.

आता खरं काम. इथे घाई केली की पुढे कित्येक वर्षं निस्तरत बसावं लागतं.

आधी दोरा न ओवता वहीच्या रेघेच्या कागदावर मशीन चालवायला सांगा. भोकं रेघेवर सरळ आणि सारख्या अंतरावर पडली पाहिजेत. तिरकी गेली तर सुईखालचे, कापड पुढे सरकवणारे दाते ते एका बाजूला ओढताहेत. उलटा टाका लावूनही तेच करा. मग चाक हाताने, आपल्याकडे, सावकाश फिरवा. कुठेही अडकायला नको.

नंतर वरचा दोरा ओवून घ्या, सुईत मात्र घालू नका. दाबपाय, म्हणजे कापड दाबून धरणारा सुईजवळचा पाय, वर असताना दोरा ओढला तर मोकळा सुटला पाहिजे. दाबपाय खाली केला की हाताला ओढ जाणवली पाहिजे. दोन्ही वेळा सारखंच वाटलं, तर वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या, टेन्शनच्या चकत्या नीट उघडझाप करत नाहीत. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि दुकानदार ती आपणहून कधीच दाखवत नाही.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. माझी पहिली मशीन दुकानात कडक मांजरपाटाच्या दुमडीवर चालवून दाखवली होती. टाका मोत्यासारखा! घरी आणून अस्तर लावलं तर खालून दोऱ्याचे गोळेच गोळे. गुंता खाली दिसतो म्हणून दोष बॉबिनचा, असं धरून मी दोन महिने बॉबिन केसचा बारीक स्क्रू पिळत राहिले. शेजारच्या वहिनींचा हळदीचा ब्लाउज शिवला, तर बगलेपासून कंबरेपर्यंत चुण्या पडल्या. त्यांनी तो तसाच घातला, काही बोलल्या नाहीत. ते मला अजून लागतं. शेवटी एका म्हाताऱ्या शिंप्याने वरच्या चकत्या उघडल्या. आत गंज धरलेला होता, दोरा पकडलाच जात नव्हता. खाली गुंता झाला तर आधी वरचा दोरा बघायचा, हे मी त्या दिवशी शिकले.

म्हणून लाल दोरा वर, पांढरा खाली घालून आपल्याच कापडावर शिवायला लावा. दोन्ही दोऱ्यांची गाठ कापडाच्या पोटात बसली पाहिजे. खालच्या बाजूला लाल ठिपके दिसले तर वरचा ताण सैल, वर पांढरे दिसले तर जास्त. वरच्या ताणाचा नॉब थोडा फिरवून बसलं, तर उत्तम. दुकानदार नॉब सोडून थेट बॉबिन केसच्या स्क्रूला हात घालू लागला तर थांबवा आणि दुसरी मशीन मागा. बॉबिन केस दोऱ्याला लटकवून हलका झटका दिला की थोडीशी खाली सरकावी, धाडकन उतरू नये.

सुई मात्र कापडाप्रमाणे बदलून घ्या: अस्तराला ११ नंबर, सुतीला १४, जीन्सला १६. नाही तर चांगल्या मशिनीवरही उगाच आळ येतो. जीन्सच्या चार पदरी दुमडीवर टाका सुटायला नको, नायलॉनवर चुणी पडायला नको. दुकानदार ‘एवढं कोणी बघत नाही’ म्हणाला तरी उठू नका.

जुनी मशीन घेत असाल तर हेच सगळं करा आणि शिवाय सुईचा दांडा बोटांनी धरून हलवा. डुगडुगला तर आतून झिजलेली आहे, स्वस्तात मिळाली तरी नको.

पक्क्या बिलावर मशिनीचा नंबर लिहून घ्या, दहा बॉबिन जास्तीच्या घ्या.

घरी आणल्यावर सगळ्या छिद्रांत तेलाचे दोन-दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा. सकाळी जुन्या धोतरावर, तेलाचा डाग उमटायचा थांबेपर्यंत फिरवा. पैठणीचा ब्लाउज त्यानंतरच हातात घ्या.