अपलोडचं बटण दाबण्याआधी: सोलापूरच्या कलाकारांसाठी तयारीची यादी

सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा जवळ आली की सोलापुरात कॅमेरे बाहेर निघतात. नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, शोभेचं दारूकाम, सगळं त्याच रात्री इन्स्टावर चढतं. दुसऱ्या दिवशी त्यातलाच एखादा फोटो कुणाच्या तरी शुभेच्छांच्या फ्लेक्सवर झळकतो, काढणाऱ्याचं नाव गायब. भांडायला जावं तर समोरचा विचारतो, "तुमचाच कशावरून?" कॉपीराइट कलाकृती तयार झाली की कायद्यानं आपोआप मिळतो. ती आपली आहे हे दाखवायची सोय मात्र आपण करायची असते, आणि तीही चोरी व्हायच्या आधी.

सगळ्यात आधी मूळ फाइल सांभाळा. फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा आणि अख्खी फ्रेम कधीच अपलोड करू नका, कडा थोड्या कापून मगच करा. नान्नजला माळढोक पक्षी टिपलात तर त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमही पुसू नका. चोराकडे कापलेला एकच फोटो असतो, तुमच्याकडे ओळीनं दहा असतात. एवढ्यावरच बरीच भांडणं मिटतात. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं की तारीख-कॅमेऱ्याची आतली माहिती बहुतेक निघून जाते, म्हणून ग्राहकाला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कवी आणि लेखकांनी कच्चे खर्डे ठेवावेत, गाणाऱ्यांनी मूळ रेकॉर्डिंग. एक प्रत घरात, एक घराबाहेर. वॉटरमार्क टाकायचा तर टाका, पण कोपऱ्यातला वॉटरमार्क कापायला दहा सेकंद लागतात.

नोंदणीबद्दल गैरसमज फार. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात ती सक्तीची नाही, पण नोंदवहीतला उतारा कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. अर्ज ऑनलाइन होतो. लेखन, संगीत किंवा चित्रासाठी एका कृतीला 500 रुपये, ध्वनिमुद्रणाला 2000, चित्रपटाला 5000. मालावर वापरायच्या चित्राला मात्र 2000. डायरी नंबर (अर्जाचा क्रमांक) मिळतो, हरकतींसाठी 30 दिवस थांबावं लागतं. रोजच्या प्रत्येक रीलसाठी हे करत बसू नये. ज्यावर पोट आहे तेवढंच नोंदवा. स्वतःलाच रजिस्टर पोस्टानं पाकीट पाठवून ते न फोडता ठेवायचा जुना सल्ला अजून फिरतो. नोंदणीची जागा ते पाकीट घेत नाही.

मालक कोण, हे काम घेतानाच विचारा. इथे भले भले फसतात. कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले, तर वेगळा करार नसेल तेव्हा कलम 17 प्रमाणे पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणजे लग्नाचे फोटो तुम्ही काढले तरी हक्क यजमानांचा. ते आपल्या पेजवर टाकायचे असतील तर बुकिंगच्या पावतीवरच तशी एक ओळ लिहून सही घ्या. नोकरीत असाल तर मालक सहसा कंपनी. हक्क कुणाला विकायचा तर तो लेखीच विकला जातो, तोंडी नाही. लेखी करारातही मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. "सर्व हक्क, कायमचे, जगभर" असं छापलेला कागद पुढे आला तर चहा प्या, घरी न्या, वाचा, मग सही करा.

आता चादरवाले. आपल्या गावात हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी माहितीचा. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, म्हणून अनेकांना वाटतं आपली नक्षी सुरक्षित. तसं नाही. मानांकन नावाचं रक्षण करतं; तुमच्या नव्या वेलबुट्टीशी त्याला देणंघेणं नाही. ग्राफवर काढलेला नक्षीचा आराखडा कॉपीराइटमध्ये येतो खरा, पण त्याच कायद्याच्या कलम 15 मध्ये मेख आहे. जे डिझाइन 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवता आलं असतं आणि नोंदवलं नाही, ते यंत्रावर 50 पेक्षा जास्त नगांवर उतरलं की त्यावरचा कॉपीराइट संपतो. आणि नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागावर पन्नास चादरी म्हणजे काय! लॉट सुरू झाला की हक्क गेला. म्हणून माग लावण्याआधी डिझाइनची नोंदणी करा. ती 10 वर्षं टिकते, पुढे 5 वर्षं वाढते.

त्यातही दुसरी मेख, डिझाइन नवं हवं. अर्जाआधी ते लोकांसमोर आलं तर नोंदणी टिकत नाही. आपल्याकडे तर नमुना उतरला की आधी व्हॉट्सअॅप स्टेटसला लागतो आणि व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फिरतो! अर्जाचा नंबर हातात येईपर्यंत नमुना फोनमध्येच राहू द्या, आणि कुणाला दाखवावाच लागला तर गुप्ततेची अट लेखी घालून दाखवा. मोर, हत्ती, चौकटीची नक्षी ही सगळ्यांची. त्यांची तुम्ही केलेली नवी मांडणी तेवढी तुमची. आणि पैसे देऊन बाहेरच्या कलाकाराकडून डिझाइन काढून घेतलंत तर डिझाइन कायद्यात मालक पैसे देणारा असतो. कलाकारानं हे ध्यानात ठेवूनच दर सांगावा.

दुसऱ्याचं वापरताना "तीस सेकंदांपर्यंत चालतं" असा कुठलाही नियम नाही, आणि "सौजन्य: गुगल" लिहिलं म्हणून परवानगी मिळत नाही. जुनी लोकगीतं मोकळी असली तरी तुम्ही डाउनलोड केलेलं त्यांचं रेकॉर्डिंग मोकळं असेलच असं नाही.

एवढं करूनही चोरी झाली तर आधी फोन करू नका. फोन केला की पोस्ट डिलीट होते. पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट, लिंक, तारीख, वेळ आधी घ्या, आणि मूळ फाइल ज्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर आहे तो विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे डिजिटल पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं. मग ज्या साइटवर किंवा अॅपवर ती पोस्ट आहे, त्या कंपनीचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरा. फॉर्मनं काम झालं नाही तर कॉपीराइट नियम 2013 मधला नियम 75 आहे. लेखी तक्रार मिळाल्यावर त्या कंपनीनं 36 तासांत मजकूर रोखायचा असतो, पण 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा दिसू शकतो, आणि दावा लावण्याची हमी तक्रारीतच लिहून द्यावी लागते. म्हणून वकील आधी गाठा, तक्रार नंतर करा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 62 मुळे तुम्ही राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, म्हणजे चोर दिल्लीत असला तरी तारखेला त्यानं सोलापुरात यायचं. मात्र खात्री नसताना कुणाला कोर्टाची धमकी देऊ नका. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध त्याच कायद्याच्या कलम 60 खाली तोच तुमच्यावर दावा लावू शकतो.