ब्लूज शाळेत नेताय? मग या चुका टाळा

पहिल्याच तासाला निम्म्या वर्गाने माउथऑर्गन परत आणून दिले. ‘हा बिघडलाय.’ पंचवीस नवीन कोरे माउथऑर्गन, पालक समितीकडून पैसे मिळवता मिळवता नाकी नऊ आलेले, आणि सगळ्यांची तक्रार एकच: दुसऱ्या भोकातून श्वास आत ओढला की आवाजच येत नाही. मी दुकानाला फोन लावायच्या बेतात होतो. तेवढ्यात आम्ही बोलावलेले कलाकार हसले. शिकागोच्या साउथ साइड भागात बस चालवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी त्यातलाच एक ‘बिघडलेला’ उचलला आणि त्याच भोकातून असा स्वर काढला की वर्ग गप्प. वाद्यात काही खोट नव्हती. मुलं स्ट्रॉने सरबत ओढल्यासारखी ओढत होती, त्यामुळे आतली पट्टी कंप पावायच्या ऐवजी गुदमरत होती. उपाय साधा: जांभई देताना असतो तसा जबडा सैल, घसा मोकळा, आणि हळू श्वास. ओढायचं नाही, त्यातून श्वास घ्यायचा. वाद्य बदलून आणण्याआधी एवढं करून बघा.

शिकागोच्या उपनगरातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांना ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत, शिकवायच्या उपक्रमात गेली काही वर्षं मी लुडबुड करतोय. इथल्या शाळांत मदतीला जाणारे मराठी आईबाप बरेच आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. शिकागोत ब्लूज काही परका नाही. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून लाखो कृष्णवर्णीय माणसं आगगाडीने या शहरात आली, ब्लूजचे गायक-गिटारवादक मडी वॉटर्स 1943 साली आले, आणि मिसिसिपीच्या डेल्टा भागातली लाकडी गिटार इथे विजेवर वाजू लागली. आमच्या वर्गातल्या काही मुलांचे पणजोबा त्याच गाड्यांनी आलेले.

माउथऑर्गनचं अजून थोडं, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. आपण घेतो ते पांढरी एकचे, म्हणजे सी पट्टीचे. साहजिकच गिटारवाल्याला सांगतो, तुम्हीही पांढरी एकमध्येच वाजवा. मग मुलं बिचारी मनापासून फुंकतात आणि शाळेच्या संमेलनातलं गाणं ऐकू येतं, ब्लूज नाही. गिटार पांढरी पाचमध्ये हवी. त्याच माउथऑर्गनच्या पहिल्या चार भोकांतून श्वास आत घेतला की पांढरी पाचचा घरचा कॉर्ड, म्हणजे षड्जावरचा स्वरमेळ, मिळतो, फुंकलं की मध्यमाचा. पंचमाच्या जागी फक्त पहिलं किंवा चौथं भोक, श्वास आतच. म्हणजे श्वास आत आणि बाहेर एवढ्यावर दहा वर्षांचं मूल आख्खं आवर्तन निभावून नेतं. वाद्य प्रत्येकाला वेगळं, डबीवर नाव घातलेलं. एकमेकांची अदलाबदल अजिबात नको, कारण मी सांगायला नको.

गिटारी घ्यायच्या भानगडीत पडू नका. बोटं दुखतात, तार लावण्यात निम्मा तास जातो. त्याऐवजी फळीवर एक तार ताणा, दोन्ही टोकांना खाली काचेच्या बाटल्या सरकवा आणि तिसरी छोटी बाटली तारेवरून घसरवा. डेल्टातली पोरं झाडूची तार घराच्या भिंतीवर ठोकून हेच करायची, त्याला डिडली बो म्हणत. आमच्या वर्गात सगळ्यात जास्त भांडणं या फळीसाठी होतात.

माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक तालाची. ब्लूजचं आवर्तन बारा बारांचं असतं म्हटल्यावर मी छातीठोकपणे एकताल समजावायला लागलो. बारा बार म्हणजे बारा मात्रा नव्हेत. एकेका बारात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. पहिले चार बार घर, दोन मध्यम, दोन घर, मग एक पंचम, एक मध्यम आणि शेवटचे दोन परत घर. मुलं हमखास चुकतात ती नवव्या बारात. फळ्यावर आकडे लिहून काही होत नाही. आम्ही जमिनीवर तीन रंगांचे बारा कागद चिकटवले. एक मूल दर बाराला एक कागद पुढे चालतं, बाकीचे त्याच्या पायाखालचा रंग बघून वाजवतात. दोन तासांत कागदांची गरज संपली.

टाळीही तपासा. भजनात वाढलेली आपली मुलं समेवर टाळी देतात, इथली बाकीची मुलंही पहिल्या-तिसऱ्यावरच देतात. ब्लूजची टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. आधी पाय आपटू द्या एकवर, मग टाळी दोनवर, आपोआप बसतं. आणि मात्रेचे दोन सारखे तुकडे करून वाजवलं की सगळं कवायतीसारखं होतं. मात्रेचे तीन भाग धरायचे, मधला गाळायचा. स्वरलिपी हातात दिली की मुलं तुकडे सारखेच करतात, म्हणून पहिले दोन महिने कागद देऊच नका, कानाने शिकू द्या.

संगीताच्या बाईंशी आधी बोलून घ्या, हेही अनुभवाने सांगतो. एक मुलगी गाताना गंधार कोमलही लावत नव्हती आणि शुद्धही नाही, मधेच कुठेतरी. बाई पियानोवर बोट ठेवून तिला ‘सुरात’ आणत होत्या. तोच तर ब्लूजचा सूर! पेटीवर दरबारी रागाचा डोलता गंधार शोधणाऱ्याची जी गत, तीच पियानोवर हा गंधार शोधणाऱ्याची. म्हणून गळा, माउथऑर्गन आणि बाटली. या तिघांना मधल्या जागा सापडतात.

आता गाणी लिहून घेण्याबद्दल. इथे शिक्षक चांगल्या हेतूने घोटाळा करतात. ‘तुम्ही कापूस वेचणारे मजूर आहात असं समजून ब्लूज लिहा.’ कृपा करून हे करू नका. मुलं नाटकी रडगाणं लिहितात आणि ज्यांच्या घरात तो इतिहास आहे ती मुलं मान खाली घालून बसतात. एखाद्या कृष्णवर्णीय मुलाला उभं करून ‘तू सांग’ म्हणणं तर त्याहून वाईट. इतिहास मोठ्यांनी सांगावा, नीट, नावागावासकट. मुलांनी लिहायची ती स्वतःची तक्रार. ओळ एक, तीच ओळ परत, तिसरीत उत्तर. रविवारच्या मराठी शाळेत मी हाच प्रयोग केला, तेव्हा तिसरीतल्या एकीने लिहिलं:

डबा माझा राहिला बसमध्ये, बस गेली निघून,
अगं आई, डबा राहिला बसमध्ये, बस गेली निघून,
आता ड्रायव्हर खाईल थालीपीठ, मी बसेन बघून.

यात ब्लूजचं सगळं आहे. दुःख आहे आणि त्यावर कोपरखळीही आहे. ब्लूज म्हणजे नुसतं रडणं, असं सांगून सुरुवात केलीत तर ही तिसरी ओळ कधीच येत नाही.

चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकणाऱ्या गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनची दंतकथा पहिल्या तासाला सांगू नका. वर्षअखेर मुलांना तेवढीच आठवते, आणि दोन-तीन पालकांच्या ईमेल येतात त्या वेगळ्याच. जॉन्सननी 1936-37 मध्ये 29 गाणी ध्वनिमुद्रित केली आणि 1938 साली सत्ताविसाव्या वर्षी ते गेले, एवढं पुरेसं आहे. त्याआधी बायकांकडे वळा. गायिका मॅमी स्मिथची ब्लूजची तबकडी 1920 साली निघाली, मा रेनी आणि बेसी स्मिथ यांच्या त्यानंतर थोड्याच वर्षांत. गिटारवाल्या पुरुषांच्या चित्रांनी भिंत भरली की मुली मागच्या बाकावर सरकतात. जुन्या गाण्यांचे शब्द मात्र आधी स्वतः ऐका. लिंबू, गाडी, स्वयंपाकघर, सगळ्याला दुसरा, चावट अर्थ असतो.

आणि सगळ्यात मोठी चूक, एका दिवसाचा कार्यक्रम. फेब्रुवारीत, कृष्णवर्णीय इतिहासाच्या महिन्यात, कलाकार बोलावायचा, सभागृहात तीनशे मुलं, फोटो, टाळ्या, संपलं. त्या महिन्यात चांगले वादक मिळतही नाहीत, सगळ्या शाळा एकदमच जाग्या होतात. मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेल गावात 1979 साली सुरू झालेलं डेल्टा ब्लूज म्युझियम आहे. तिथे शाळा सुटल्यावर मुलं वाजवणाऱ्या माणसांकडूनच शिकतात, वर्षानुवर्षं. ‘किंगफिश’ नावाने ओळखला जाणारा गिटारवादक क्रिस्टोन इन्ग्रम तिथलाच विद्यार्थी, 2022 साली त्याला ग्रॅमी मिळालं. आम्ही आता ऑक्टोबर ते एप्रिल, आठवड्याला एक तास, एकच कलाकार असं ठेवलंय. त्यांना मानधन द्या, ‘मुलांसाठी फुकट या’ म्हणू नका. शाळेची पार्श्वभूमी तपासणी महिनाभर आधी उरकून घ्या, नाहीतर आमच्यासारखा तुमचाही वादक पहिल्या दिवशी ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून राहील.

उन्हाळ्याच्या सुट्टीत माउथऑर्गन कपाटात कुलूपबंद ठेवू नका, घरी न्यायला द्या. चार-पाच हरवतील, एखादा वॉशिंग मशीनमधून फिरून येईल. तेवढ्यांचे पैसे आधीच हिशेबात धरा.